सुगीतलं वाचनालय

पौष सरत आला की सोलापूरची हवा एखाद्या सकाळी एकदम कोरडी होते. ओठ फुटतात, हाताची कातडी पांढरी पडते आणि गावाबाहेरून येणाऱ्या वाऱ्याला कडब्याचा वास येतो. काल भाच्याने टेंभुर्णीकडच्या शेतावरून जोंधळ्याची हिरवी कणसं आणली आणि मागच्या अंगणात शेणी पेटवून भाजली. त्याच्या बायकोने गरम हुरडा ताटलीत घालून, शेजारी शेंगांची चटणी वाढून माझ्यापुढे ठेवला. "आत्या, गार व्हायच्या आत खा," म्हणाली. मी दोन घास खाल्ले आणि ताटली मांडीवर तशीच धरून बसले. त्यांना वाटलं, माझे दात दुखताहेत.

दात दुखत नव्हते. हुरड्याचा तो कोवळा, धुराचा वास नाकात गेला आणि मी बोरगव्हाणात जाऊन पोचले. इतक्या वर्षांत त्या गावाला मी पुन्हा कधी गेले नाही. जायची गरजही वाटली नाही. दर सुगीला ते गावच माझ्याकडे येतं.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेन. इंग्रज अजून जायचे होते, सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यांवर उठत होतं आणि झोपत होतं. माझं सासर अकलूजला. म्हणजे सासर होतं, असं म्हणायचं. यजमानांनी दुसरं लग्न केलं आणि मला दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे, आणून सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हिला मूल होत नाही, एवढं एक वाक्य सगळ्यांना पुरलं. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं आणि जायला घर नव्हतं. अशा बाईला काय म्हणावं हे लोकांना ठरवता येत नसे. हळदीकुंकवाचं बोलावणं येई, मी जाई, आणि ओटी भरताना समोरच्या बाईचा हात क्षणभर थांबे. तो थांबलेला हात मी घरी घेऊन येत असे.

दादाच्या ओळखीचे एक वकील होते. खेड्यापाड्यांत वाचनालयं काढायची त्यांना हौस होती. शहरातल्या घराघरांतून त्यांनी जुनी पुस्तकं गोळा केली होती आणि करमाळ्याच्या बाजूचं बोरगव्हाण हे गाव जागा द्यायला तयार झालं होतं. फक्त तिथं जाऊन राहणारं, खोली बांधून घेणारं, लोकांना वाचायची गोडी लावणारं माणूस मिळत नव्हतं. तरुण मुलं सभेत हात वर करत आणि दुसऱ्या दिवशी दिसत नसत. एकदा वकीलसाहेब आमच्या ओसरीवर बसून हेच सांगत होते. मी आतून चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मी जाते."

दादा माझ्याकडे बघत राहिला. वहिनीच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सैल झाल्यासारखं झालं. तिचा राग नाही आला मला. दोन खोल्यांच्या घरात माझी वळकटी दिवसाही भिंतीशी उभी असे.

जेऊरला गाडीतून उतरले आणि बैलगाडीत बसले. मागे साबणाच्या खोक्यांत भरलेली पुस्तकं. रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. दोन्ही बाजूंना शाळू गुडघ्याएवढा झाला होता आणि काळ्या रानाला भेगा पडू लागल्या होत्या. गाडीवान वाटभर बैलांशी बोलला, माझ्याशी नाही. बाईमाणूस एकटं, खोकी घेऊन कशाला चाललंय, हे त्याला विचारावंसं वाटत असणार. पण ते विचारायचं कसं हे त्याला सुचलं नाही, आणि सांगायचं कसं हे मलाही सुचलं नाही. दुपार उतरेपर्यंत आम्ही तसेच गप्प चाललो होतो. त्या गप्प चालण्यातच मला कळलं, की पुढचे दिवस असेच जाणार.

माझी राहायची सोय सोनाबाईकडे होती. पन्नाशीची, उंच, हाडाने रुंद बाई. नवरा वारलेला, मुलगा आणि सून सोलापुरात, मुलगा गिरणीत कामाला. ती तिच्या म्हशीशी बोले, शेळीशी बोले, चुलीलासुद्धा शिव्या घाले. माझ्याशी मात्र कामापुरतं. गाव मला 'बाई' म्हणे. यमुना हे माझं नाव तिथं कुणाला लागलंच नाही. एखाद्या दुपारी मी ते स्वतःशीच म्हणून पाही, आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटे.

चौथ्या की पाचव्या दिवशी सोनाबाईने विचारलं, "मालक कुटं असत्यात?"

"अकलूजला."

"मग तुमी हितं कशा?"

"त्यांनी दुसरी केली."

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकून, वर पाणी फिरवून ती म्हणाली, "बरं. उद्या पांढरी माती आणाय जायचंय. जुनं लुगडं असलं तर तेच नेसा."

आमच्याकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर तुराट्या, त्यांवर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ती माती नीट बसली की थेंब आत येत नाही. चावडीच्या शेजारची जागा तात्यांनी दिली होती. तात्या म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांचा शब्द गाव मोडत नसे. पेरण्या उरकल्या होत्या, काढणीला अवकाश होता, त्यामुळे माणसं मोकळी होती. पुरुषांनी भिंती रचल्या, लाकडं चढवली. बायकांनी गावामागच्या टेकाडावरून डोक्यावर पाट्यांनी पांढरी आणली, पाणी आणलं, शेण-माती कालवून भिंती आतून-बाहेरून लिंपल्या. मीही लिंपत होते. हाताला सवय नव्हती. माझ्या वाट्याच्या भिंतीवर बोटं उमटलेली दिसत. तात्यांची थोरली सून हौसा माझ्या शेजारी उभी होती. कडेवरचं पोर खाली ठेवून, काही न बोलता तिने माझ्या भिंतीवरून आपला तळवा फिरवला आणि ती सारखी केली.

त्या दिवसांत मला करमलं. काम असलं की माणूस कुणाचं आहे, कुणाचं नाही, हे विचारायला सवड नसते. संध्याकाळी पाय धुताना गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले माझे पाय बघून मला हसू येई.

वाचनालय उघडलं. नारळ फुटला, साखर वाटली, तात्यांनी पहिलं पुस्तक हातात घेऊन कपाळाला लावलं. आठवड्याचं वर्तमानपत्र जेऊरहून येई. तात्या ते मोठ्याने वाचत आणि पुरुष सतरंजीवर बसून ऐकत. पुस्तकं कुठली द्यायची, कुणाला काय आवडेल, हे बघायला मी कोपऱ्यात बसत असे. दोन-तीन दिवसांनी तात्या सोनाबाईच्या दारात आले. जोडे काढून, मान खाली घालून उभे राहिले.

"बाई, एक बोलू का? राग न्हाय ना यायचा?"

"बोला की."

"तुमी आत बसला की गडीमाणसं अवघडत्यात. पाय पसरता येत न्हाय, बिडी वडता येत न्हाय. तुमी सकाळी पुस्तकं लावून द्यावी आन् घरला यावं. तुमच्या इज्जतीसाठीच सांगतो मी."

ते खरोखरच चांगुलपणाने सांगत होते. मी "बरं" म्हणाले.

मग माझा दिवस असा झाला. सकाळी, कुणी यायच्या आत जाऊन झाडायचं, पुस्तकांवरची धूळ पुसायची, सतरंजी घालायची आणि निघून यायचं. संध्याकाळी सोनाबाईच्या उंबऱ्यावर बसलं की तात्यांचा वाचण्याचा आवाज ऐकू येई. शब्द कळत नसत, नुसता चढउतार. मधेच सगळे हसत. कशाला हसले ते मला कळत नसे. मी जवळ घेतलेल्या पुस्तकाचं पान उलटायचं विसरून त्या आवाजाकडे कान लावून बसे. सासरी स्वयंपाकघरात बसून बाहेरच्या पंगतीचं हसणं ऐकावं, तसंच ते होतं. मी इतक्या लांब आले होते आणि बसले होते तिथंच.

मग सुगी आली. पहिल्यांदा कोवळी कणसं, रानारानांतून हुरडा भाजायच्या आगट्यांचा धूर, माळ्यावरून पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. आणि मग दाणा टणक झाला आणि एका सकाळी गाव रिकामं झालं. गाव रिकामं होणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगता येणार नाही. दारांना कड्या, चुली विझलेल्या, पारावर कुणी नाही. कोंबड्यांना हुसकायलाही कुणी नाही. पुरुष पहाटेच उपटणीला जात, त्यांच्यामागून बायका भाकऱ्या बांधून. वाचनालयात कुणी फिरकेना. म्हणून मी आत जाऊन बसू लागले. कुणी नसताना मला तिथं मज्जाव नव्हता.

लिंपलेल्या भिंतींचा ओला वास आता गेला होता. लहानशा खिडकीतून उन्हाचा एक तुकडा येई, सतरंजीवरून सरकत सरकत पुस्तकांपर्यंत जाई आणि भिंतीवर चढून नाहीसा होई. मी त्याच्याकडे बघत बसे. वाटे, हे सगळं आपण कशासाठी केलं? गावाने तर आपल्याला बोलावलं नव्हतं. त्यांनी बोलावलं होतं पुस्तकांना. परत जावं म्हटलं तर जायचं कुठं? भिंतीशी उभ्या केलेल्या वळकटीकडे? रडायला काही हरकत नव्हती, ऐकणारं कुणी नव्हतं. पण ऐकणारं कुणीच नसलं की रडूही येत नाही.

अशाच एका सकाळी सोनाबाई डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन वाचनालयाच्या दारात उभी राहिली. आत डोकावली, माझ्याकडे बघितलं, पुस्तकांकडे बघितलं.

"हितं भिताडांना काय वाचून दावता? चला की रानात."

"रानात मी काय करू?"

"लई काम हाय. आन् न्हायच जमलं तर बसा बाभळीखाली. हितं बसन्यापरीस बरं."

मी हाताला लागलं ते पुस्तक घेतलं आणि तिच्यामागे निघाले.

तात्यांच्या रानात काढणी चालली होती. पुरुष शाळू मुळासकट उपटून आडवा टाकत होते आणि बायका बसून कणसं मोडत होत्या. मीही बसले. पानांनी हात चरचरले, मानेवर कणसांचं बोचरं कूस गेलं, दुपारपर्यंत माझा ढीग सगळ्यांत लहान होता आणि बायका त्याच्याकडे बघून पदराआड हसत होत्या. मलाही हसू आलं. भाकरीची वेळ झाली. बायका बाभळीखाली जमल्या. कांदा फोडला, चटणी काढली. महारवाड्यातल्या बायका त्याच रानात, त्याच कामाला होत्या. त्या पलीकडे, बांधाजवळ वेगळ्या बसल्या. जेवणं झाल्यावर हौसा म्हणाली, "बाई, ते काय हाय तुमच्याकडं, ते वाचा तरी. गडीमाणसंच ऐकत्यात रोज."

पुस्तक कथांचं होतं. मी एक गोष्ट उघडली. एका राणीची होती. राजाने टाकलेली राणी रानात झोपडी बांधून राहते, आणि कैक वर्षांनी राजा पालखी घेऊन येतो. वाचायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की ही आपण वाचायला नको होती. पण बायका ऐकत होत्या. बांधाजवळच्या बायकाही मान वळवून ऐकत होत्या. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून मी आवाज चढवला. राणी पालखीत बसली आणि गोष्ट संपली.

"बसली?" हौसाने विचारलं. "लगेच?"

"पुस्तकात तसंच आहे."

"आन् रानातली झोपडी?"

"तिचं पुढं काही लिहिलेलं नाही."

"मग ही कसली राणी!" हौसा म्हणाली आणि सगळ्याजणी खळखळून हसल्या. हसता हसता एकेकीच्या ध्यानात माझी गोष्ट आली असावी. सगळ्या गावाला ती माहीत होती. हसू जिथल्या तिथं थांबलं. कुणी मातीत रेघा ओढू लागली, कुणी पोराचं नाक पुसलं. हौसाचा चेहरा तर इतका उतरला, की मीच पुस्तक मिटून तिच्याकडे बघून हसले.

"पानी द्या गं बाईला," सोनाबाई म्हणाली. "घसा सुकला आसंल."

त्या दिवसानंतर रोज दुपारी मी बाभळीखाली वाचू लागले. काढणी सरली, खळ्यावर बैल फिरू लागले, वाऱ्यावर उपणणी सुरू झाली, तरी वाचणं चालू राहिलं. बायका मधेच अडवत. हिने असं का केलं, त्याला कुणी बोललं कसं नाही, परत वाचा तेवढं, असं चाले. एखादी गोष्ट पटली नाही तर रात्री घरी जाऊन नवा शेवट तयार करून आणत आणि दुसऱ्या दिवशी तो मला ऐकवत. मी एकटी नव्हते असं मात्र म्हणणार नाही. वाचून झालं की त्या आपापल्या पोरांकडे, घरधन्यांकडे वळत. घरी जाताना त्यांच्या बोलण्यात सासू, नणंद, दुखणं, बारसं असायचं. मी मागून चालायची. पण दुपारची वाट बघण्यासारखी झाली होती.

सुगी उरकली, कणग्या भरल्या, पुरुष पुन्हा वाचनालयात जाऊन बसू लागले. आता संपलं, असं मी धरून चालले. पुढचं मला सोनाबाईने सांगितलं. तात्या गोठ्यात होते. हौसा पदर पुढे ओढून, म्हशीकडे तोंड करून म्हणाली, "मामंजी, जेवणं झाली की दुपारचं आमी तितं बसनार हाय."

"कुटं?"

"वाचनालयात."

"आन् गडीमाणसं?"

"त्यास्नी दुपारचं पारावर बसू द्या. भिंती आमी लिंपल्यात."

तात्यांनी म्हशीपुढे कडबा टाकला. मग म्हणाले, "म्हशीला पानी दावलं का?"

सोनाबाई म्हणाली, "तात्यानं व्हय म्हणायची तीच रीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. कुणी निवडायला डाळ घेऊन, कुणी पोर घेऊन, कुणी वाकळ शिवायला. बांधाजवळ बसणाऱ्यांना मात्र त्या दाराची पायरी चढायला पुढे कैक वर्षं लागली. मी तिथं होते तोवर त्यांच्यासाठी पुस्तक घेऊन वेशीबाहेर जात असे, आणि सोनाबाई तेवढ्यापुरती माझ्यावर रुसत असे.

त्या खोलीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. मी आणखी एक सुगी तिथं काढली आणि मग सोलापुरात मुलींच्या शाळेत लागले. माळवदावर दर वर्षी नवी पांढरी घालावी लागते. सोनाबाई, हौसा होत्या तोवर बायका ती घालत. मग कुणी घालेना. एका पावसाळ्यात छत खाली बसलं आणि उरलेली पुस्तकं शाळेच्या कपाटात गेली. आता तिथं सिमेंटची इमारत आहे, असं भाचा सांगतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. मातीचं घर तेवढंच टिकतं.

पण हुरड्याच्या वासाबरोबर मला जी दुपार आठवते ती त्या पहिल्याच सुगीनंतरची, फाल्गुनातली. ऊन तापायला लागलं होतं. वाचनालय बायकांनी भरलेलं होतं, हौसाचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं आणि मी वाचत होते. बाहेरून हाक आली.

"यमू!"

त्या गावात माझं नाव पहिल्यांदाच कुणी उच्चारलं. दादा दाराबाहेर उभा होता. टोपी हातात, अंगभर धूळ. आत इतक्या बायका बघून त्याला पायरी चढता येईना.

"जरा बाहेर ये."

"मूल झोपलंय, दादा. आतूनच ऐकते."

त्याने इकडेतिकडे बघितलं. माझ्यावर माया करणारा माणूस तो. कसंबसं म्हणाला, "अकलूजहून माणूस आला होता. ते तुला न्यायला तयार आहेत. तिला दिवस गेलेत, तिच्याने काम उरकत नाही. घरात बाईमाणूस हवंय. तुझंच घर आहे, यमू. संध्याकाळची गाडी मिळेल."

डाळ निवडणारे हात थांबले. मला वाटलं होतं, असं कधी बोलावणं आलं तर मी संतापेन, किंवा ढसाढसा रडेन, किंवा धावत जाईन. त्यातलं काहीच झालं नाही. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"मी नाही येत, दादा."

"काय?"

"नाही येत."

"अगं, मग पुढं? मी किती दिवस..." त्याला ते वाक्य पुरं करवलं नाही. त्याचे डोळे भरले होते. मी सांगितलं असतं की तुझ्यावर भार नाही होणार, पण तेवढ्या बायकांसमोर ते त्याला आणखी लागलं असतं.

सोनाबाई उठली. तांब्या घेऊन दारात गेली. "पाव्हनं, उन्हात उबं राहू नगा. पानी घ्या. भाकर खाऊन जावा."

तो पाणी प्याला. भाकरीला थांबला नाही. बैलगाडी वळल्याचा, मग चाकोरीत उतरल्याचा आवाज आला. मग तोही येईनासा झाला. त्यानंतर दादा माझ्याशी बरीच वर्षं बोलला नाही. पुढे बोलू लागला, आणि शेवटी याच घरात, माझ्याच हातचं पाणी पिऊन गेला. पण तेव्हा मला ते कुठं माहीत होतं? तेव्हा एवढंच माहीत होतं की मागे आता कुणी नाही. आजवर मला इतरांनी एकटं केलं होतं. त्या दुपारी मी ते आपल्या तोंडाने म्हणाले होते, आणि त्याने ते हलकं झालं नव्हतं.

शेवटी हौसा हळूच म्हणाली, "वाचा की, बाई."

मी पुस्तक उचललं. अक्षरं दिसत होती, पण मी कुठं होते ती ओळ सापडेना. पानावर वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा वर नेलं. पोर मांडीवर चुळबुळलं आणि परत झोपलं. बायका बसून राहिल्या. डाळीला कुणी हात लावला नाही, कुणी खाकरलं नाही, कुणी उठून गेलं नाही. मला ओळ सापडायला फार वेळ लागला. तेवढा वेळ त्या सगळ्या थांबल्या.